मादी नव्हे, बाप आहे तो

परवा आचोळ्याच्या बाजारात मासळीवालीनं माझ्यापुढे एक शिंगाळा धरला आणि म्हणाली, "घे बाय, गाबोळीची मादी हाय, अंड्यांनी भरलेली." आणि मी, साताऱ्याकडची, लग्न होईपर्यंत समुद्राचा मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली बाई, भर बाजारात बोलून गेले, "मादी नाही हो, बाप आहे तो." मासळीवाली माझ्याकडे बघतच राहिली. शेजारच्या दोघीजणी फिदीफिदी हसल्या. मला माझाच असा राग आला म्हणून सांगू! सावे सरांना जाऊन आता दीड-दोन वर्षं होत आली, तरी हा माणूस माझा पिच्छा सोडायला तयार नाही.

हरिहर सावे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या समोर होती. ती तशी कोणी लावली त्या माणसाला मी आजवर माफ केलेलं नाही. सर मूळचे इथलेच, जुन्या बागायतदार घरातले. राजोडीच्या वाटेवर त्यांची वाडी होती, केळीची आणि थोडी पानवेलीची. अंगानं सडसडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात कायम एक लहानशी पक्कड. ती कशासाठी, असं मी पहिल्या दिवशी विचारलं ही माझी चूक झाली. "शिंगाळ्याचे काटे काढायला," असं म्हणून ते जे सुरू झाले ते तास संपल्याची घंटा झाली तरी थांबले नाहीत. माझा सहावीचा वर्ग तोवर बाकांवर चढून नाचत होता.

शिंगाळा म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाही सांगितलं तर सर वरून ओरडतील. हा बिनखवल्यांचा, बुळबुळीत, मिशावाला मासा. डोकं दगडासारखं टणक. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे करवतीच्या दात्यांचे काटे, लागले तर हात सुजून ठणकतो. उथळ समुद्रात, खाडीच्या तोंडाशी, तळाच्या चिखलात याचं घर. मिशांनी चिखल चाचपत खाणं शोधतो. पकडला की गुरगुरल्यासारखा आवाज करतो. इथपर्यंत कुणीही कोळी सांगेल. सरांचा खरा मुद्दा पुढे होता. मादी अंडी घालते, चांगली गोटीएवढी, आणि ती अंडी नर तोंडात घेतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत, आणि नंतरही काही दिवस, ती बापाच्या तोंडात. तेवढे आठवडे हा प्राणी काही म्हणजे काही खात नाही. जबडा आवळून, पोट खपाटीला नेऊन चिखलावर तरंगत राहतो.

हे एकदा ऐकलं तर छान वाटतं. मलाही वाटलं होतं. पण हे मी किती वेळा ऐकलं असेल! कोणाचं बारसं असो, कोणाची बदली असो, वेतनाचं काही अडलेलं असो, सरांची गाडी त्याच चिखलात यायची. "ऐकून घ्या, नंतर म्हणाल सावेनं सांगितलं नाही," ही त्यांची सुरुवात. बाकीच्या माशांबद्दल त्यांना काडीची आस्था नव्हती. पापलेट म्हणजे "दिखाऊ". बोंबील म्हणजे "नुसतं पाणी". एकदा आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं, तर आमच्या यांनी हौसेनं सुरमई आणली होती. सरांनी तुकडा ताटात उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चांगली आहे. पण ही आपली फिरस्ती हो. आज इथं, उद्या गुजरातेत. हिला घर नाही. शिंगाळा बघा, आपला चिखल सोडत नाही." पाहुण्यानं यजमानाच्या सुरमईला बेघर ठरवायचं, आणि मग तिच्याच तीन तुकड्या फस्त करायच्या! आमचे हे त्यानंतर चार दिवस घुश्शात होते.

एका वर्षी तपासणीचे साहेब आले होते. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बजावलं होतं की फळ्यावर सुवाच्य तारीख, मुलांच्या नखांकडे लक्ष, आणि सावे सर, कृपा करून प्राणी नको. सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात बादलीत ताजा शिंगाळा. साहेब दारात उभे, मुलं बाकांवरून वाकलेली, आणि सर मासा हातात धरून विचारतायत, "याचं तोंड रिकामं आहे की भरलेलं?" मुख्याध्यापक घाईघाईनं ती बादली बाहेर न्यायला वाकले आणि काटा त्यांच्या तळव्यात गेला. दुसरा कोणी असता तर शरमेनं मेला असता. सरांनी प्रयोगशाळेतून सोसवेल इतकं गरम पाणी मागवलं, मुख्याध्यापकांचा हात त्यात बुडवून धरला, म्हणाले, "विष उष्णतेनं मंदावतं," आणि हात तसाच धरून बाकीचा धडा पुरा केला. मुख्याध्यापक बिचारे मुलांसमोर गरम पाण्यात हात घालून बसलेले! साहेबांनी शेरा काय लिहिला कोण जाणे. ती मुलं मात्र आज बाप्ये झालीत आणि भेटली की फक्त तेवढाच तास आठवतो म्हणतात. माझ्या व्याकरणाच्या तासांची आठवण एकालाही नाही.

पण शाळा एकवेळ परवडली, बाजार नको. पावसाळा सरला, होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या की सरांचा मोसम सुरू व्हायचा. मी शाळा सुटल्यावर मासळी घ्यायला थांबले की सर सायकल हातात धरून मागे येणारच. फिलूमावशी म्हणून राजोडीकडची एक मासळीवाली होती, जबर आवाजाची, गळ्यात क्रूस, कपाळाला आठ्या. ती शिंगाळे मांडायची आणि त्यांच्या तोंडातून निघालेली पिवळी अंडी पानावर वेगळी रचून ठेवायची. गिऱ्हाईक अंडी बघायचं, ही भरलेली मादी असं समजायचं, आणि लगेच घ्यायचं. सगळ्या बाजाराचा असाच समज होता. सर वाकून माशाच्या जबड्यात बोट घालायचे.

"फिलू, ही मादी नव्हे. बाप आहे तो."

"आलं का परत! ओ सर, बाप काय नि आय काय, शिजल्यावर सारकंच लागतं."

"पोट बघ याचं. चिरून बघ. रिकामं. किती दिवस जेवलेला नाही तो."

"मी बी सकालपासून जेवली नाय! माजं पोट बगायला आलंय का कोन?"

यावर आजूबाजूच्या सगळ्या हसायच्या, गिऱ्हाईक गोंधळून पुढच्या टोपलीकडे सरकायचं, आणि फिलूमावशी सरांवर पाण्याचा हबका मारायची. माशांवर मारते असं दाखवून, पण बरोबर सरांवर. एकदा तर तिनं मलाच दम भरला. "बाय, तुजा मास्तर घेऊन येऊ नको हां हितं. माजा धंदा बसवतो." तुजा मास्तर! मी घरी येऊन यांना सांगितलं तर हे अर्धा तास हसत होते.

सर होडीवाल्यांनाही सोडत नसत. तोंड भरलेला शिंगाळा जाळ्यात जिवंत सापडला तर लगेच पाण्यात सोडा, असं सांगायला ते पहाटे किनाऱ्यावर जायचे. होडीवाले हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं की सर थांबून राहायचे. मोसमात स्वतः शिंगाळा खायचे नाहीत, आणि दुसऱ्याच्या ताटात दिसला तर त्याला खाऊ द्यायचे नाहीत. चांगल्या माणसाचा त्रास वाईट माणसापेक्षा जास्त होतो असं माझं ठाम मत सावे सरांमुळे झालं. वाईट माणसाला निदान तोंडावर हाकलता येतं.

सरांची बायको लवकर गेली. मुलगी, सुमेधा, तेव्हा शाळेत नुकती जायला लागलेली. नातेवाइकांनी दुसरं लग्न कर म्हणून खूप सांगितलं, मुलीला आत्याकडे ठेव म्हणून सांगितलं. सरांनी कुणाचं ऐकलं नाही. सकाळी वाडीला पाणी सोडून, डबा करून, पोरीच्या वेण्या घालून हा माणूस तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत आणायचा. वेण्या अशा घट्ट की पोरीच्या भुवया वर ताणलेल्या असायच्या. मी मधल्या सुट्टीत त्या सोडून पुन्हा घालत असे. सरांना ते कळायचं, पण दुसऱ्या दिवशी वेण्या तशाच. सहलीला मुलगी निघाली की सर देखरेखीच्या यादीत आपलं नाव घालणार. मुलगी पोहायला शिकली तेव्हा सर काठावर टॉवेल घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. ती कॉलेजला वसईला जायची तरी सर सायकल काढून संध्याकाळी नाक्यावर. पोरगी बिचारी गुणी. कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं असं मला फार वाटायचं.

सुमेधा मत्स्यशास्त्र शिकली. सरांनी सगळ्या शाळेला केळ्यांचे घड वाटले. आणि मग तिला केरळात एका संशोधन संस्थेत बोलावणं आलं. किनाऱ्यावरच्या, चिखलातल्या माशांवरच काम. बापाचं आयुष्यभराचं वेड मुलीनं पोटापाण्याचं करून दाखवलं होतं. याहून जास्त माणसाला काय हवं? महिनाअखेरीला तिनं हजर व्हायचं होतं. आणि सर म्हणाले, विचार करू.

इथून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. सर रोज मला मधल्या सुट्टीत गाठायचे. "बाई, तुमचं ऐकते ती. तिला सांगा, इथंही संस्था आहेत." दुपारी सुमेधाचा फोन. "बाई, तुमचं ऐकतात बाबा. सांगा ना त्यांना." मी दोन्हीकडचं ऐकत होते आणि माझं कोणीच ऐकत नव्हतं. सरांच्या सबबी ऐकून तर कपाळावर हात मारून घ्यावा. तिथला तांदूळ जाड. तिथलं तेल खोबऱ्याचं, तिला पित्त होईल. तिथला पाऊस वेगळा. एक दिवस तर म्हणाले, "तिथला चिखल निराळा हो, बाई." मी म्हटलं, "सर, ती चिखलात राहायला चाललेली नाही, क्वार्टर देणार आहेत तिला." तर म्हणतात, "तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही देशावरच्या."

मला राग येत होता, आणि त्या रागात भीतीही होती. ती पोर गेली नाही तर आयुष्यभर बापाला डबा देत इथंच राहील, आणि सर तिच्या कपाळावरच्या आठ्या बघत म्हातारे होतील. हे सगळ्या शाळेला दिसत होतं. सरांना दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि बघायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

महिना संपत आला तसं मी एका रविवारी यांना घेऊन सरांच्या घरी गेले. अंगणात सर पाटावर बसून कोळंबी सोलत होते. सुमेधा दारात उभी. तिचा चेहरा बघून मी ओळखलं की आमच्या आधी इथं काहीतरी झालंय. मी बसले न बसले तोच सरांनी आमच्या यांना धरलं. तो विषय नको म्हणून दुसरा विषय काढायचा, तर त्यांच्याकडे दुसरा विषय कुठला?

"तुम्हाला सांगितलं का मी, शिंगाळ्याचा नर पिल्लं झाल्यावरही त्यांना सोडत नाही? पिल्लं तोंडातच. बाहेर काय काय टपलेलं असतं. ऐकून घ्या, नंतर म्हणाल—"

"बाबा," सुमेधा म्हणाली, "पुढचं सांगा."

"पुढचं काय?"

"पुढचं. मी लहान असल्यापासून ऐकतेय. तोंडात अंडी, तोंडात पिल्लं. तिथंच थांबता दर वेळी. पुढे काय होतं ते कधी कुणाला सांगितलंत?"

सर कोळंबी सोलत राहिले. "पुढचं पुस्तकांत फारसं काही नाही."

"आहे. मी वाचलंय. पिल्लं मोठी झाली की तो तोंड उघडतो. ती जातात. मग तो खायला लागतो, बाबा. इतके दिवस खाल्लेलं नसतं ना, मग तो जेवतो. तुम्ही सांगा ना ते. मी गेल्यावर तुम्ही उपाशी राहाल म्हणून मी जायचं नाही का?"

एवढं म्हणून ती आत गेली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला रडू फुटलं. हे आभाळाकडे बघायला लागले. आणि सर! मी वाट बघत होते की हा माणूस आता उठेल, आत जाईल, मुलीच्या डोक्यावर हात ठेवेल. सर उठले आणि वाडीत गेले. पंप सुरू केल्याचा आवाज आला. आम्ही दोघं अंगणात, समोर अर्धी सोललेली कोळंबी, शेजारच्या घरातली मांजर दबा धरून बसलेली. बराच वेळ गेला तरी सर येईनात म्हणून शेवटी ती कोळंबी मी सोलली. साताऱ्याच्या बाईनं, रविवारच्या साडीत.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते थेट माझ्यापुढे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "गाडीत वरचा बर्थ चांगला की खालचा? खालचा घेतला मी." झालं. एवढंच. होकार दिलाय असं त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. तिकीट तिच्या उशाशी ठेवून वाडीत निघून गेले होते. आणि मग जो बांधाबांधीचा कहर झाला! सुकट, सोडे, केळ्यांचा अख्खा घड, तांदूळ, गरम पाण्याची पिशवी, काटा लागला तर म्हणून ती पक्कड. केरळात केळी मिळत नाहीत अशी या विज्ञानाच्या शिक्षकाची समजूत होती का? सुमेधा एक वस्तू काढायची, सर दोन घालायचे.

वसई रोडला आम्ही तिला पोचवायला गेलो. गाडी थांबते थोडा वेळ, आणि तेवढ्यात सगळं सामान वर चढवायचं. हे घामाघूम. सर डब्यात चढले, सामान बाकाखाली सारलं, आणि समोरच्या बर्थवर एक वयस्क गृहस्थ सहकुटुंब बसले होते त्यांच्याशी बोलायला लागले. मी फलाटावरून बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता इथंही! मोडक्या हिंदीत सर सांगत होते की मुलगी समुद्राच्या माशांवर काम करायला चालली आहे. गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "अच्छा? कौन सा मछली?"

मी मनाशी म्हटलं, संपलं. गाडी सुटेल, हा माणूस पनवेलपर्यंत जाईल.

सरांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मुलीकडे बोट करून म्हणाले, "इनको पूछिए. इनको मुझसे ज्यादा मालूम है."

आणि उतरले. तिच्या डोक्यावर हात नाही, पोचल्यावर फोन कर नाही, काही नाही. फलाटावर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, बाह्या सारख्या करत. खिडकीची काच बंद होती. आत सुमेधा त्या माणसांशी बोलत होती. ती हातांनी काहीतरी दाखवत होती, आवाज ऐकू येत नव्हता. दोन्ही तळवे जुळवून तोंडापाशी धरलेले. गृहस्थांची बायको तोंडाला पदर लावून हसत ऐकत होती. गाडी हलली. सर तिच्याबरोबर चालायला लागले, मग भरभर, फलाटावरच्या माणसांना धक्के देत, आणि मी त्यांच्यामागे ओरडत, "सर, पडाल! सर!" फलाट संपायच्या जरा अलीकडे ते थांबले. मी धापा टाकत पोचले तेव्हा त्यांचे डोळे खिडकीवरच होते. सुमेधानं तळवे उघडले होते, बोटं पसरून हात दोन्हीकडे लांब नेले होते.

"बाई," सर म्हणाले, "पुढचंही सांगतेय ती."